आजारी बाळाला पूर्ण तपासणं इतकं अवघड का जातं?

नऊ महिन्यांचं बाळ आहे. दोन दिवस ताप, थोडा खोकला, काल रात्रीपासून जुलाब. आई म्हणते, "ताप उतरतच नाही हो." तिच्या लेखी तक्रार एकच आहे, तापाची. समोरच्या आरोग्यसेविकेने तापाचं औषध हातावर ठेवलं तर ती समाधानाने घरी जाईल. पण हा ताप न्यूमोनियाचा असू शकतो, मलेरियाचा असू शकतो, कानात पू झाल्यामुळेही असू शकतो. जुलाबामुळे अंगातलं पाणी कमी होत चाललेलं असू शकतं. आणि बाळ मुळातच कुपोषित असेल, तर यातला कुठलाही आजार त्याला निभावून नेता येणार नाही. शिवाय यातलं एकच काहीतरी असेल असंही नाही. पाच वर्षांखालच्या मुलांत दोन-तीन दुखणी हातात हात घालूनच येतात.

हे ओळखूनच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर एक पद्धत तयार केली. तिचं आद्याक्षरी नाव आयएमसीआय, म्हणजे बालपणातल्या आजारांचं एकात्मिक व्यवस्थापन. भारताने त्यात नवजात बाळांची ठळक भर घातली आणि आपल्याकडे ती आयएमएनसीआय झाली. त्याआधी बहुतेक देशांत जुलाबाचा कार्यक्रम वेगळा, श्वसनविकारांचा वेगळा, लसीकरणाचा तिसराच, अशी मांडणी होती. प्रत्येकाचं प्रशिक्षण वेगळं, तक्ते वेगळे. जुलाबाच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या कर्मचाऱ्याला जुलाब नेमके दिसायचे, पण त्याच बाळाचा धपापणारा श्वास नजरेतून सुटायचा. १९९० साली जगात पाच वर्षांखालची सुमारे सव्वा कोटी मुलं दगावली होती. २०२२ साली हा आकडा ४९ लाखांवर आला. या घटीचं श्रेय अर्थातच एका पद्धतीचं नाही. लसी, पोषण, मच्छरदाण्या, स्वच्छ पाणी, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण आजही जी मुलं जातात, त्यातल्या अनेकांचा आजार साध्या औषधांनी बरा होणारा असतो. तो वेळेवर ओळखणारं कुणीतरी हवं असतं.

पद्धत समजायला कठीण नाही. तिच्यात महागडी यंत्रं नाहीत, डॉक्टरही असलाच पाहिजे असं नाही. दोन महिने ते पाच वर्षं या वयाचं कुठलंही आजारी मूल आलं की आधी चार धोक्याची लक्षणं बघायची: ते काही पिऊ शकतंय का, की अंगावरही ओढत नाही, घेतलेलं सगळंच उलटून पडतंय का, झटके आले का, ते सुस्त किंवा बेशुद्ध आहे का. यातलं एक जरी असलं तरी मूल तातडीने मोठ्या दवाखान्यात जायला हवं. मग खोकला किंवा श्वासाचा त्रास, जुलाब, ताप आणि कान या चार गोष्टी प्रत्येक मुलाच्या बाबतीत विचारायच्या, आईने सांगितल्या असोत वा नसोत. त्यापुढे पोषण, अंगात रक्त कमी असल्याची खूण म्हणून तळहातांचा फिकेपणा, लसीकरण, खाणंपिणं. निष्कर्ष तीन रंगांत बसतो. गुलाबी म्हणजे तातडीने पाठवा, पिवळा म्हणजे इथेच ठरावीक औषध द्या, हिरवा म्हणजे घरी काळजी घेण्याचा सल्ला द्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी तक्ता वेगळा आहे, कारण एवढी लहान बाळं आजार नीट दाखवतसुद्धा नाहीत. दूध कमी घेणं, अंग गार पडणं, हालचाल मंदावणं, एवढ्यावरूनच ताडावं लागतं.

कागदावर हे इतकं सुटसुटीत आहे की वाचणाऱ्याला वाटतं, मग अडतं कुठे?

श्वास मोजण्यापासूनच बघू. न्यूमोनिया ओळखण्याची या पद्धतीतली मुख्य खूण म्हणजे वाढलेला श्वास. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा ४० किंवा जास्त, तर दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ६० किंवा जास्त असला की तो जलद समजायचा. मोजायचं पूर्ण एक मिनिट, आणि मूल शांत असताना. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करून चालत नाही, कारण लहान मुलांचा श्वास एका लयीत चालत नाही. आता प्रत्यक्षात काय होतं? सेविका बाळाचा अंगरखा वर करते. गार हवेने बाळ दचकतं आणि रडायला लागतं. आई त्याला छातीशी धरते, की पोट दिसेनासं होतं. दूध पाजल्यावर ते शांत होतं, पण पिताना मोजलेला आकडा खरा नसतो. पुन्हा सुरुवात. घड्याळाच्या काट्यावर एक डोळा, पोटाच्या वरखाली होण्यावर दुसरा. एकतीस, बत्तीस… तेवढ्यात दारातून कुणीतरी विचारतं, "ताई, इंजेक्शन कुठे मिळतं?" पुन्हा शून्यापासून.

बाहेर रांग असताना तिसऱ्यांदा मोजायला कोण बसेल? बहुतेक जण अंदाजाने ठरवतात. अंदाज दोन्ही बाजूंना चुकतो. काही न्यूमोनिया सुटतात आणि साध्या सर्दीची कित्येक मुलं प्रतिजैविकं घेऊन घरी जातात. खालच्या बरगड्यांजवळ छाती आत ओढली जाते का, हेही असंच. एकदा नीट दिसलं की डोळ्याला कायमचं ओळखू येतं, पण तक्त्यातल्या चित्रावरून ते शिकता येत नाही. त्यासाठी खरं आजारी मूल आणि शेजारी उभं राहून "हे बघ" म्हणणारा अनुभवी माणूस लागतो.

वेळेचा हिशेब तर साधा अंकगणिताचा आहे. समजा, बाह्यरुग्ण विभाग चार तास चालतो आणि साठ जण रांगेत आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं येतात. त्यातलं एक श्वास मोजण्यात गेलं. वजन, ताप, कुपोषण ओळखायला दंडाचा घेर, अंगातलं पाणी कमी झालंय का ते कळायला पोटाची कातडी चिमटीत धरून ती किती वेळात जाग्यावर येते ते बघणं, मलेरियाच्या भागात बोटातून रक्त घेऊन चाचणी, लसीकरणाचं कार्ड, ते आणलेलं नसेल तर आठवणीवर भरवसा. मग औषध, आणि सगळ्यात शेवटी आईशी बोलणं. पद्धत पूर्ण पाळली तर तपासणीला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागतो, हे तर उघडच आहे. पण माणसं वाढवून तो वेळ कुणी दिलेला नसतो. कर्मचाऱ्याने तो आपल्याच खिशातून काढायचा असतो.

आणि वेळ कमी पडला की आधी काय गळतं, हे बघण्यासारखं आहे. झटके आलेलं मूल कुणी दुर्लक्षित करत नाही. गळतं ते ओरडून सांगत नाही असं सगळं: दंडाचा घेर, तळहात, राहिलेली लस, आईचं खाऊ घालणं, आणि आईला समजलं का ते तपासणं. एकात्मिक म्हणून जे जोडलं होतं तेच सुटून पडतं. उरते ती पूर्वीचीच पद्धत, तक्रार ऐका आणि गोळी द्या, फक्त भिंतीवर रंगीत तक्ता लागलेला असतो.

आईशी बोलणं हा भाग मला सगळ्यात नाजूक वाटतो, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. वर सांगितलेल्या नऊ महिन्यांच्या बाळाला समजा न्यूमोनिया आणि जुलाब दोन्ही निघाले, आणि वजन सात किलो आहे. न्यूमोनियासाठी ॲमॉक्सिसिलिन या प्रतिजैविकाची विरघळणारी गोळी दिवसातून दोनदा, पाच दिवस. झिंक दिवसातून एकदा, पण चौदा दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. प्रत्येक जुलाबानंतर ओआरएस. ताप जास्त असेल तेव्हाच पॅरासिटामॉल. शिवाय अंगावर पाजणं चालू ठेवायचं, खायला द्यायचं, तीन दिवसांनी दाखवायला आणायचं, आणि मधेच बाळ पिईनासं झालं किंवा श्वास वाढला तर लगेच यायचं. रात्रभर जागलेल्या, कडेवर रडणारं मूल घेतलेल्या बाईने हे सगळं एका दमात ऐकून लक्षात ठेवायचं आहे. पद्धत सांगते की आधी विचारा, ती जे बरोबर करते आहे त्याचं कौतुक करा, मग सल्ला द्या, आणि शेवटी तिच्याकडून वदवून घ्या. पहिला डोस तिच्याच हातून तिथेच द्यायला लावा. हे फार शहाणपणाचं आहे. पण "समजलं ना?" असं विचारलं की आई मान हलवते, आणि रांग पुढे सरकते. "घरी गेल्यावर ही गोळी कशी द्याल, मला सांगा बरं" असं विचारायला आणखी एक मिनिट लागतं, आणि ते शिल्लक नसतं.

हिरव्या रंगात बसणाऱ्या मुलाची अडचण वेगळीच. साधी सर्दी आहे, औषधाची गरज नाही, पातळ पदार्थ जास्त द्या, एवढं सांगितलं की आईचा चेहरा पडतो. एवढी पायपीट करून आले आणि रिकाम्या हाताने जायचं? ती उद्या दुसरीकडे जाईल, तिथे तिला बाटली किंवा इंजेक्शन मिळेल, आणि गावात बोललं जाईल की इथे काही देत नाहीत. कर्मचाऱ्याची त्या वस्तीतली पत याच गोष्टींवर टिकून असते, त्यामुळे बरोबर काय ते माहीत असूनही हात औषधाकडे वळतो. याला निव्वळ अज्ञान म्हणणं अन्यायाचं आहे.

पुस्तिकेचंही तसंच. ही पद्धत पाठ करण्यासाठी नाहीच. तक्त्यांची पुस्तिका समोर उघडी ठेवून पायरी पायरीने जायचं, डोस वजनानुसार त्यातच बघायचा, अशी तिची रचना आहे. पण रुग्णासमोर पुस्तक उघडणारा माणूस कच्चा समजला जातो, निदान त्याला स्वतःला तसं वाटतं. मग पुस्तिका खणात जाते आणि डोस सवयीने दिला जातो. वरिष्ठांनीच पुस्तिका टेबलावर ठेवून काम करून दाखवलं तर ही लाज मोडते. तसे वरिष्ठ थोडे.

प्रशिक्षणाची मूळ आखणी अकरा दिवसांची होती. त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष आजारी मुलं तपासण्यासाठी राखलेला, दर चार शिकाऊंमागे साधारण एक शिकवणारा, आणि परतल्यावर चार ते सहा आठवड्यांत कुणीतरी त्याच्या केंद्रावर जाऊन त्याला काम करताना बघायचं. खर्च आणि सुट्टीची अडचण म्हणून बऱ्याच ठिकाणी दिवस कमी झाले. कपात बहुधा प्रात्यक्षिकाला लागते, कारण भाषणापेक्षा तेच महाग असतं. नंतरची भेट कित्येकदा होतच नाही. आणि शिकून आलेल्या व्यक्तीची सहा महिन्यांत प्रसूती विभागात बदली झाली तर केंद्र पुन्हा कोरं.

इथे एक निष्कर्ष मुद्दाम सांगण्याजोगा आहे, कारण तो बऱ्याच जणांच्या समजुतीला धक्का देतो. बांगलादेश, ब्राझील, टांझानिया आणि युगांडा या चार देशांतल्या कर्मचाऱ्यांची तुलना करणारा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. या पद्धतीचं प्रशिक्षण मिळाल्यावर, मूळ शिक्षण कमी वर्षांचं असलेल्यांनी जास्त शिकलेल्यांइतकंच, काही बाबतींत त्यांच्यापेक्षाही चांगलं काम केलं. पायऱ्या पाळण्यात पदवीपेक्षा शिस्त कामी येते, असा मी त्याचा अर्थ लावतो. तेव्हा "खालच्या कर्मचाऱ्यांना हे झेपत नाही" ही सबब टिकत नाही.

सबब खरी आहे ती सामानाची. औषधं असतील तरच तक्त्याला अर्थ. झिंक संपलं, ॲमॉक्सिसिलिन आलं पण मोठ्यांच्या कॅप्सूलच्या रूपात, वजनकाट्याची सुई हलत नाही, ताप मोजायला एकच थर्मामीटर आणि त्यातला सेल गेलेला. आणि औषध असूनही जागा नसते. जुलाबाने पाणी कमी झालेल्या मुलाला ओआरएस केंद्रातच, देखरेखीखाली पाजायचं असतं: दर किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. आपल्या सात किलोच्या बाळाला म्हणजे ५२५ मिलिलिटर, चमच्याचमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू. चार तासांनी परत तपासून ठरवायचं. त्यासाठी आईला बसायला जागा, स्वच्छ पाणी, मोजायचं भांडं आणि अधूनमधून बघून जाणारं माणूस हवं. बाळ दुपारी एकला आलं आणि केंद्र दोनला बंद होत असेल, तर चार तास कुठून आणायचे? मग पुडी देऊन "घरी पाजा" सांगितलं जातं. कधी निभावतं. कधी नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक विसंगती आहे, आणि लेख लिहायला बसलो तो तिच्यासाठीच. मुलाकडे एकत्र बघा असं कर्मचाऱ्याला सांगितलं गेलं, पण त्याच्या वरची यंत्रणा पूर्वीइतकीच विभागलेली राहिली. लसींचा साठा एका विभागाकडून, मलेरियाच्या चाचण्या दुसऱ्याकडून, पोषणाचा आहार तिसऱ्याकडून. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं, महिन्याचा अहवाल वेगळा, तपासायला येणारा अधिकारी वेगळा. एका बाळाची नोंद चार ठिकाणी करावी लागते, आणि चारही ठिकाणी ते चार वेगवेगळे आजार असल्यासारखं दिसतं. देखरेखीला आलेला माणूस आपल्या रजिस्टरचे रकाने भरलेत का ते बघतो. सेविका श्वास कसा मोजते हे बघायला तो तिच्या शेजारी उभा राहत नाही, कारण त्याच्या यादीत ते नसतंच. म्हणजे एकात्मता घडते ती फक्त एका जागी, टेबलामागे बसलेल्या माणसाच्या डोक्यात. तो थकला, बदलला, घाईत असला की ती संपली.

ही पद्धत खरंच उपयोगी पडते का, हा प्रश्न रास्त आहे, आणि उत्तरही याच विसंगतीकडे बोट दाखवतं. टांझानियात ज्या ग्रामीण जिल्ह्यांत ती राबवली तिथे दोन वर्षांच्या काळात बालमृत्यू शेजारच्या जिल्ह्यांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी आढळले. त्या जिल्ह्यांत प्रशिक्षणाबरोबरच जिल्ह्याचं व्यवस्थापन आणि पैशांचं नियोजनही सुधारलं होतं. बांगलादेशातल्या मतलब नावाच्या भागात उपचारांचा दर्जा सुधारला, मुलांना केंद्रात आणण्याचं प्रमाण वाढलं, निव्वळ स्तनपानही वाढलं. बालमृत्यूंमधला फरक मात्र ठामपणे सिद्ध झाला नाही. केवळ कर्मचारी शिकवून पुरत नाही, हे यातून दिसतं. पद्धतीचे मूळचे भाग तीन होते: कर्मचाऱ्याचं कौशल्य, आरोग्ययंत्रणेची बळकटी, आणि घराघरातल्या सवयी. बहुतेक देशांनी पहिल्यावर जोर दिला, कारण प्रशिक्षण घेतलं की किती जण शिकले तो आकडा लगेच दाखवता येतो.

अलीकडे टॅबलेटवर चालणारी रूपं आली आहेत. बुर्किना फासोमध्ये तशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर वापरात आली. पडदा एकेक प्रश्न विचारतो, उत्तर भरल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही आणि डोस स्वतः काढतो. पायऱ्या गाळल्या जात नाहीत, पुस्तक उघडण्याची लाजही उरत नाही. पण टॅबलेटला चार्जिंग लागतं, आणि कागदी रजिस्टरं बंद केली नाहीत तर तो आणखी एक रजिस्टर होऊन बसतो. आधी रजिस्टरं कमी करा, मग टॅबलेट द्या, असं माझं मत आहे.

आता गुलाबी रंगाचं. तपासणी अचूक झाली, मुलाला पाठवायचं ठरलं, तरी पाठवणं म्हणजे पोचणं नव्हे. निघण्याआधी प्रतिजैविकाचं पहिलं इंजेक्शन द्यावं, रक्तातली साखर उतरू नये म्हणून दूध किंवा साखरपाणी पाजावं, असं पद्धत सांगते. काही ठिकाणी परिचारिकेला ते इंजेक्शन देण्याची परवानगीच नसते. मग गाडी नाही, पैसे नाहीत, घरी दोन लहानगी आहेत, नवऱ्याला विचारल्याशिवाय निघता येत नाही. आई म्हणते "उद्या जाते", आणि सेविकेला कळतं की ती जाणार नाही. मोठा दवाखाना गाठणं शक्यच नसलेल्या अगदी लहान बाळांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वेगळी मार्गदर्शक तत्त्वं दिली. ठरावीक परिस्थितीत त्यांना जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने ॲमॉक्सिसिलिन देऊन जवळच्या केंद्रातच उपचार करता येतात. वास्तवाकडे डोळे उघडे ठेवून घेतलेला हा निर्णय होता. पण त्याने रोज बाळ बघण्याची, चुकलेल्या डोसासाठी घरी जाण्याची जबाबदारीही त्याच सेविकेवर आली.

आणि पाठवलेली मुलं पोचली तरी तिला ते कळत नाही. सोबत दिलेल्या चिठ्ठीचा खालचा भाग मोठ्या दवाखान्याने भरून परत पाठवायचा असतो. तो क्वचितच येतो. आपण गुलाबी ठरवलेलं मूल खरोखर गंभीर होतं की आपण उगाच घाबरलो, हे तिला कधी समजत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी तिचा अंदाज सुधारायला काही आधारच मिळत नाही. प्रशिक्षणाच्या अकरा दिवसांपेक्षा जास्त शिकवू शकेल अशी ही गोष्ट आहे, आणि तिला लागतो तो फक्त एक फोन: मूल पोचलं, निदान अमुक निघालं, बरं होऊन घरी गेलं किंवा नाही. ज्या केंद्रांत असा फोन करण्याचं काम नाव घेऊन कुणावर तरी सोपवता येईल, तिथून सुरुवात करायला नवीन निधीचीही वाट बघावी लागत नाही.